स्क्रूला लावलेलं कुंकू

“हे तुम्हाला पटायचं नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो. या घरात पूर्वी एक कॉम्प्युटर होता, त्याला माणूस ओळखू यायचा. आणि त्याच्या पोटातली लबाडी मी चिमूटभर कुंकवानं पकडली. इचलकरंजीतच काय, अख्ख्या जिल्ह्यात असा पराक्रम दुसऱ्या कुणाच्या नावावर नाही.”

एवढं म्हटल्यावर माझ्या नातीनं, स्वरदानं, मान वर केली. मला तेवढंच हवं होतं. सकाळपासून पोरगी त्या नव्या कॉम्प्युटरला चिकटून बसली होती. काचेची पेटी, आत पंखेच पंखे, पंख्यांना निळे-जांभळे दिवे. गणपतीच्या मंडपात ठेवला असता तर लोकांनी त्याच्यापुढे नारळ फोडले असते. तिचा बाप, म्हणजे माझा जावई श्रीधर, गुडघ्यांवर बसून मागच्या वायरी गोळा करत होता.

“पेटी भिंतीला टेकवू नको हं,” तो लेकीला म्हणाला. “मागं मोकळं पाहिजे. हवा लागते.”

मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, “आप्पा, ती गोष्ट कशाला?”

“का? तुझं काय जातंय?”

“माझं काही जात नाही.”

“मग गप तुझ्या वायरी बांध.”

आमची कौसल्या पलीकडे पावट्याच्या शेंगा सोलत होती. काही बोलली नाही. लेक पद्मजा दाराशी येऊन उभी राहिली, तीही काही बोलली नाही. या दोघी गप्प असल्या की मला जोर चढतो.

तर तेव्हा पद्मीचं लग्न व्हायचं होतं आणि मी तात्या मुसळेच्या मागाच्या शेडमध्ये जॉबर होतो. माग अडला, धोटा उडाला, कापडात फट पडायला लागली, की जॉबरला हाक. बिघडलेल्या मागाजवळ मी नुसता जाऊन उभा राहिलो तरी तो लाजून चालू व्हायचा.

“आजोबा!” स्वरदा म्हणाली.

“बरं, हात लावायला लागायचा. पण एकच.”

“तात्याआजोबा म्हणजे तुमच्याबरोबर फोटोत आहेत ते? जाडे?”

“तेच. शेजारचीच शेड. मालक माणूस, पण माझ्याशिवाय त्याचं पान हलायचं नाही. बापजाद्यांपासून मागाचा धंदा, आणि याला साधी गाठ मारता येत नव्हती! मागावर धागा तुटला की ‘म्हादू, म्हादू’ करत माझ्याकडे. चपलेचा अंगठा मी बांधून द्यायचा. त्याची बायको माहेरी गेली की नाडीची पंचाईत, म्हणून तिनं त्याच्या सगळ्या पायजम्यांना इलॅस्टिक घालून टाकलं होतं. आणि माझी गाठ म्हणजे मागाच्या फणीतून धागा निघून जायचा, गाठ होती हे कापडाला कळायचं नाही.”

स्वरदा हसली. श्रोता हसला की निम्मं काम झालं.

पद्मी तेव्हा छापखान्यासाठी लग्नपत्रिका जुळवून द्यायची. तिला घरात कॉम्प्युटर हवा होता. त्याच सुमाराला श्रीधर वरुटेचं स्थळ चालून आलं. पोरगा सुटे पार्ट आणून कॉम्प्युटर जोडून विकायचा. दुकान जुन्या मंडईमागं. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. वडील नव्हते, आईनं मागाच्या सुताच्या कांड्या भरून पोराला शिकवलेलं. बघण्याचा कार्यक्रम झाला होता, पोरांनी एकमेकांना पसंत केलं होतं, सुपारी फुटायची तेवढी बाकी होती. मी म्हटलं, थांबा. सासरा व्हायच्या आधी गिऱ्हाईक होऊन बघतो. माणूस कसा आहे ते गिऱ्हाइकाला लवकर कळतं. कॉम्प्युटर त्याच्याकडूनच घेतला.

आता आमच्या गावची हवा तुम्हाला ठाऊक आहे. दारं-खिडक्या बंद ठेवा, सुताचं तूस घरात येणारच. भाकरीवर तूस, देवाच्या टाळूवर तूस. म्हणून इथं नवी वस्तू आली की आधी तिला कपडे शिवतात आणि मग वापरायला काढतात. कौसल्येनं कॉम्प्युटरच्या पडद्यासाठी पोपट भरलेलं झाकण केलं, कीबोर्डला झालर लावली, माउसला तर टोपडं शिवलं. आणि मी पडलो जॉबर. यंत्रात तूस गेलं म्हणजे काय होतं, ते माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? जिथं जिथं म्हणून भोक होतं तिथं माझी नजर होती.

श्रीधरनं आत एक गेमही घालून दिला होता. गाड्यांच्या शर्यतीचा. पद्मीनं तो कधी उघडला नाही. मी एकदा चुकून उघडला आणि संपलंच. शेडमधून घरी आलो की हातपाय धुवायच्या आधी मी लाल गाडीत. समुद्राकाठचा रस्ता, एका अंगाला कडा. वळणावर मी एवढा झुकायचो की कौसल्येला दुसऱ्या बाजूनं खुर्ची धरून बसावं लागायचं. माझ्या वेगानं डोक्यावरचा पंखा उलटा फिरायला लागला होता.

“फिरला नव्हता,” कौसल्या शेंगांकडे बघत म्हणाली.

“तू खुर्ची धरून होतीस. तुला वरचं काय दिसणार?”

तर शेवटी एक बोगदा होता. बोगद्याच्या पलीकडे निशाण. सगळ्यांना मागं टाकून मी बोगद्याशी यायचो, पुढं फक्त एक पिवळी गाडी उरलेली असायची. आता गाठली तिला, आता गाठली, म्हणेपर्यंत पडदा काळा. टिक्. कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन आपोआप चालू. गाडी नाही, बोगदा नाही. झोपेतून उठलेल्या माणसासारखा तो पुन्हा पहिल्यापासून आपलं नाव-गाव सांगत बसायचा. एकदा झालं, म्हटलं चालायचंच. रोज व्हायला लागलं.

“पद्मे, तुझ्या यंत्राच्या अंगात येतंय.”

“मी पत्रिका करत असते तेव्हा नाही येत.”

“मी बसलो की येतं.”

“मग तुमचंच काय चुकतंय ते बघा,” पद्मी म्हणाली.

तिचं लक्ष पत्रिकेत होतं. माझ्या मनात मात्र ते वाक्य उलटंसुलटं फिरत राहिलं. माझं कसं चुकेल? यंत्राच्या बाबतीत माझं कधी चुकलं होतं?

तात्या संध्याकाळी पेपर वाचायला आमच्याकडे यायचा. कॉम्प्युटरच्या टेबलाशेजारचीच खुर्ची त्याची. ताक प्यायचा, सगळ्या गावाची अब्रू काढायचा आणि जायचा. त्याच्यासमोर एकदा माझी गाडी बोगद्यात विझली. तात्यानं पेपर खाली ठेवला.

“म्हादू, जुना पार्ट घातलाय त्यानं.”

“कुणी?”

“तुझ्या होणाऱ्या जावयानं. दुसरं कोण उघडतंय ते?”

“पत्रिकेला तर बरा चालतो की.”

“चालणारच. रिकामी गाडी आजारी बैलसुद्धा वढतोय. वझं टाकलं की बसतोय खाली. गेम म्हणजे वझं. आतला कुठला तरी पार्ट आजारी हाय, आणि त्यानं तो नवा म्हणून तुझ्या गळ्यात मारलाय.” तात्यानं मिशीवरचं ताक पुसलं. “आणि जो सासऱ्याला असला माल देतोय, तो तुझ्या लेकीला काय सुखात ठेवणार, तूच बघ.”

ते वाक्य मी गिळलं, पण पोटात उतरलं नाही. रात्रभर छातीत अडकून राहिलं. पोरगी शब्द दिल्यासारखी त्या पोराचं नाव घेत होती. आणि मी घरचा कर्ता. उद्या तो लबाड निघाला तर पोरीनं कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

श्रीधरला बोलावलं. आला. त्याच्या पिशवीत बारकी बारकी हत्यारं होती, जॉबरच्या पिशवीसारखी. मी त्याच्या हातांवर नजर ठेवून उभा. तो टेबलामागं वाकला. पद्मी टॉर्च धरायला गेली. टॉर्चचा उजेड यंत्रापेक्षा त्याच्या कानावरच जास्त पडत होता, हेही मी बघितलं. थोडं खुडबुडल्यासारखं झालं आणि पोरगा हात झटकत उठला.

“बघा काका, चालवून.”

चालवली. बोगदा आला, पद्मी आत चहा ठेवायला गेली, त्या नादात मी कड्यावरून खाली गेलो. पण कॉम्प्युटर काही बंद पडला नाही.

“काय होतं?” मी विचारलं.

“विशेष काही नाही. मागं जरा... हवा लागते त्याला, काका. मोकळं ठेवलं तर...” असं काहीबाही तो चाचरत म्हणाला. खरं सांगायचं तर माझं त्याच्या तोंडाकडे लक्षच नव्हतं. त्यानं खिशात काय घातलं, पिशवीतून काय काढलं, एवढंच मी बघत होतो. लबाड माणूस बोलतो तेव्हा हातांकडे बघावं लागतं.

तो गेला. मी नेहमीप्रमाणे यंत्राची झाडलोट केली, सगळा बंदोबस्त जिथला तिथं केला. दुसऱ्या दिवशी बोगदा. टिक्.

“बघ!” तात्या म्हणाला. “तो हाय तोवर चालतंय. तो गेला की बंद. ह्यात काय ते वळख.”

मी म्हटलं, घाई नको. आपण जॉबर. दोष धाग्याचा, मागाचा की विजेचा, हे वेगवेगळं करून बघायचं. गावात शेकडो शेडचे माग एका वेळी चालू होतात, व्होल्टेज पाण्यासारखं खालीवर होतं. म्हणून मागांच्या सुट्टीचा वार गाठला. सगळं गाव गप्प. एवढं गप्प की कावळ्याच्या पायाचा आवाज ऐकू यावा. दिवा स्थिर, पंखा स्थिर. बसलो लाल गाडीत. बोगदा. टिक्. म्हणजे वीज निर्दोष सुटली. आरोपी एकच उरला.

आणि मग मला ते कुंकू सुचलं.

“आता बघा हं,” मी स्वरदाला म्हटलं, “डोकं कसं चालतं.” श्रीधरच्या हातातली वायर तशीच राहिली होती.

पेटीला चार बाजूंनी स्क्रू. पेटी उघडायची तर स्क्रू फिरवायलाच लागतो. मी देवापुढची कुंकवाची कोयरी घेतली, बोटाला तेलाचा थेंब लावला आणि प्रत्येक स्क्रूच्या खाचेत कुंकू भरून वर निगुतीनं टिकली लावली. पेटी हळदीकुंकवाला निघाल्यासारखी दिसायला लागली. वरून कौसल्येनं शिवलेलं पडद्याचं झाकण टाकलं. म्हटलं, ये बाबा आता. नवा पार्ट काढून जुना घाल, जुना काढून आणखी जुना घाल. टिकली फिसकटली की धरलाच.

पुन्हा बोलावणं धाडलं. श्रीधर आला. मी या खेपेला उघड पहारा केला नाही. कपाटाजवळ उभा राहून कौसल्येच्या आरशात मागचं सगळं बघत होतो.

“केस विंचरताय का?” पद्मीनं विचारलं.

“हो.”

“टकलाला?”

श्रीधर टेबलामागं वाकला. आरशात मला त्याची पाठ दिसत होती, तेवढीच. काहीतरी सरकवल्यासारखा आवाज झाला. उठला. म्हणाला, “चालेल आता.” या वेळी हवा-बिवा काही बोलला नाही. एकदा पद्मीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि चहा न घेताच गेला.

तो गेल्या गेल्या मी झाकण काढलं. टिकल्या जशाच्या तशा! कुणी बोट लावलं नव्हतं. आणि गेम लावला तर सुरळीत चालू.

माझ्या अंगावर काटा आला. पेटी न उघडता हा माणूस पेटी दुरुस्त करतो? हत्यार न लावता? चांगला जॉबरसुद्धा मागाला हात लावतो. हा नुसता मागं वाकतो आणि यंत्र सरळ होतं! दुसऱ्या दिवशी माझ्या रोजच्या झाडलोटीनंतर बसलो तर पुन्हा बोगद्यात टिक्. टिकल्या तशाच.

“म्हणजे त्यानं आत कायतरी करून ठेवलंय,” तात्या म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. “असं, की दोन दिवसानं आपलं आपण बिघडंल. मग तू बोलावणार, तो येणार, तुझी पोरगी टॉर्च धरणार. अरे, पोरगी बघायला यंत्र बिघडवतोय तो! आणि उद्या पोरगी त्याच्या घरात गेली की तो तुझ्याकडं कशाला येईल?”

मला ते पटलं. माणसाला संशय आला की सगळं पटतं. मी त्या पोराच्या चालण्यात, बोलण्यात, नमस्कार करण्यातसुद्धा लबाडी बघायला लागलो. नमस्कार जास्तच वाकून करतो, म्हणजे नक्कीच पाणी मुरतंय. पद्मीला मी म्हटलं, “सुपारी पुढं ढकलू या.” तिनं जेवण सोडलं नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, “सगळ्यांसमोर काय तो निकाल लावा आप्पा. पाठीमागं नको.”

तसंच केलं. ठरल्या दिवशी वरुट्यांना बोलावलं. श्रीधरची आई आली, तिचा भाऊ आला. आईच्या हातात पिशवी, पिशवीत साखर आणि नारळ. तिला वाटलं सुपारी फोडायलाच बोलावलंय. तात्या आपल्या खुर्चीत. कौसल्या आतल्या दाराशी, तिच्यामागं पद्मी. मी बाकी काही न बोलता कॉम्प्युटर लावला आणि लाल गाडीत बसलो.

श्रीधरच्या मामानं विचारलं, “हे काय चाललंय?”

“बघा तुम्ही,” तात्या म्हणाला.

वळणं गेली, समुद्र गेला. बोगदा. टिक्. पडदा काळा.

“बघितलासा?” तात्या उठून उभा राहिला. “रोज हेच चाललंय. नवा म्हणून जुना माल दिलाय तुमच्या पोरानं. एवढं सांगा, हे खरं का खोटं?”

श्रीधर सरळ टेबलामागं गेला आणि खाली बसला. या वेळी जास्त वेळ लागला. कात्रीचा आवाज आला, कच्, कच्. उठला तेव्हा त्याचा एक हात खिशात होता.

“चूक माझी आहे,” तो म्हणाला. “पॉवर सप्लाय हलका लागलाय. उद्या नवा आणून बसवतो.”

“हलका का जुना?” तात्यानं विचारलं.

श्रीधरनं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघत होतो, चोर पकडल्यावर बघतात तसा. “जुना,” तो म्हणाला.

त्याच्या आईच्या मांडीवरची पिशवी कलंडली. “श्री, काय बोलतोस? तुझ्या हातनं असं कधी...”

“असू दे आई.”

पद्मी पुढं आली. “पेटी तर उघडलीच नाही तुम्ही. न उघडता कसं कळलं?”

“कळलं,” तो म्हणाला. मान खाली.

आता सांगा, निर्दोष माणूस असं कधी म्हणेल का? मी तेव्हा ताडकन उठणार होतो. वरुट्यांना नारळ परत नेऊ द्यायचा, एवढंच उरलं होतं. पण पद्मी माझ्या खुर्चीमागं येऊन उभी राहिली.

“आप्पा, परत लावा गेम.”

“आता कशाला? तो कबूल झालाय.”

“लावा म्हणते ना.”

तिच्या आवाजाला मी घाबरलो, असं म्हणायला हरकत नाही. लावला. वळणं, समुद्र, कडा. बोगदा आला. मी डोळे अर्धे मिटून घेतले. आणि गाडी बोगद्यात शिरली ती शिरलीच, पलीकडे उजेड दिसला! पिवळी गाडी पुढं. मी दाबली. पहिल्यांदाच तिच्या बरोबरीला आलो. मागं कौसल्या काहीतरी बोलत होती. मला एवढंच ऐकू आलं, “जो माणूस भरल्या घरात स्वतःवर ओढून घेतो, त्याच्या घरात पोरगी द्यायला मला भीती वाटत नाही.” पिवळी गाडी मागं पडली. “देऊ का साखर?” कौसल्येनं विचारलं. निशाण! “दे! दे!” मी ओरडलो.

वळून बघतो तर श्रीधरच्या आईच्या तोंडात साखर, आणि कौसल्या नारळावरची शेंडी काढत होती. झालं. एकदा साखर वाटली की परत कुठं घेता येते? असं हे तुझ्या आईबाबांचं लग्न ठरलं.

“म्हणजे तुमचं गेमकडे लक्ष होतं म्हणून मी झाले?” स्वरदानं विचारलं.

“लक्ष दोन्हीकडे होतं.”

पण गोष्ट इथं संपत नाही. तात्यानं गावभर केलं. वरुट्याचा पोरगा जुने पार्ट घालतो, सासऱ्यासमोर कबूल झाला. लग्न झालं त्या वर्षी श्रीधरच्या दुकानात काळं कुत्रं फिरकेना. प्रिंटरमध्ये शाई भरून दे, वायर जोडून दे, असल्या कामांवर यांचा संसार चालला. त्याची आई, थकलेली बाई, पुन्हा कांड्या भरायला जाऊन बसली.

मी गोष्ट सांगता सांगता थांबलो. या ठिकाणी मी नेहमी थांबतो, कारण घसा कोरडा होतो. श्रीधर पाणी आणायला उठला, पण कौसल्या म्हणाली, “बसा तुम्ही. सांगू दे त्यांना.” आणि तो बसला.

तर पहिल्या पंचमीला पद्मी माहेरी आली. श्रीधरचा सुपारीच्या दिवशीचा शर्ट उसवला म्हणून तिनं शिवायला आणला होता, का काय. त्याच्या खिशात तिला घडी केलेलं काहीतरी सापडलं. माझ्यापुढं ठेवून म्हणाली, “आप्पा, हे काय असेल?”

उलगडून बघितलं. मांजरपाटाचा तुकडा. बरोबर पेटीच्या मागच्या जाळीएवढा. चार कोपऱ्यांना चार बंद, आणि बंद कात्रीनं कापलेले. मला एका क्षणात सगळं दिसलं. पेटीच्या मागं जाळी असते, तिथून आतली गरम हवा बाहेर जाते. त्या जाळीवर कुणीतरी हे फडकं ताणून बांधलं होतं. पत्रिका जुळवायला पेटीला फार कष्ट नाहीत, ती तग धरायची. गाडी पळवायची म्हटली की तिचं डोकं तापायचं, आणि तापलं की जळू नये म्हणून ती स्वतःच टिक् करून बंद व्हायची. श्रीधर यायचा, फडकं वर सरकवायचा, यंत्र बरं व्हायचं. तो गेला की कुणीतरी ते परत खाली ओढून बांधायचं. पार्ट नवाच होता. सगळे पार्ट नवे होते.

“कुणीतरी म्हणजे कोण?” स्वरदा म्हणाली. तिनं कॉम्प्युटरकडे पाठ केली होती.

“तेच तर! मी विचार केला. टेबलाशेजारची खुर्ची कुणाची? रोज संध्याकाळी कोण यायचं? आणि जयसिंगपूरला सुताची दलाली करणारा, लग्नाचा भाचा कुणाचा होता? तात्याचा! त्याला पद्मी भाच्यासाठी हवी होती. ताक पिता पिता हात मागं घालायचा आणि बांधायचा. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत! दुसऱ्या दिवशी जाब विचारणार होतो, पण त्याचं वय झालेलं, रक्तदाब. म्हटलं जाऊ दे. त्याऐवजी मी एकेका शेडवाल्याला हाताला धरून श्रीधरच्या दुकानात नेलं. हळूहळू बस्तान बसलं. आणि तो गेम मी पुन्हा लावला नाही. हौस फिटली होती.”

“तात्याआजोबा आता नाहीत ना?”

“नाहीत. म्हणून तर सांगतोय.”

“ते फडकं आहे अजून?”

“तुझ्या आईकडे असेल. पण काय बांधलं होतं गं! श्रीधरनं बंद कापले, पण गाठी जशाच्या तशा राहिल्या होत्या. गाठ कशी असावी त्याचा नमुना. बारीक, चपटी, दोन्ही शेपट्या समान. नखानं सोडवू म्हटलं तरी सुटू नये. फणीतून काढली असती तर तशीच सटकन निघाली असती. असा हात...”

मी हवेत बोटं फिरवून दाखवली. कौसल्येच्या हातातली शेंग तशीच राहिली होती. पद्मी दाराला टेकून माझ्या बोटांकडे बघत होती.

“स्वरदा,” श्रीधर घाईनं म्हणाला, “आजोबांना पाणी आण बघू.”

स्वरदा जागची हलली नाही.

“पण आजोबा, तात्याआजोबांच्या पायजम्याला तर इलॅस्टिक होतं ना?”